विषय: सात पुस्तकांच्या संचात एक पुस्तक दोनदा, एक गायब, तरीही तक्रार 'निकाली'

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या माणसाने चौथ्यांदा माझा फोन ठेवला आणि पाच मिनिटांत 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज आला. काहीही निकाली निघालेलं नाही, म्हणून हे लेखी देते आहे.

नार्निया या इंग्रजी बालकथांच्या मालिकेचा सात पुस्तकांचा संच मी तुमच्याकडून २,४०० रुपयांना घेतला. पुस्तकं विकणाऱ्यांना या मालिकेचे दोन क्रम आहेत हे माहीत असायलाच हवं. सी. एस. लुईस यांची ही पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात वर्षाला एक अशी आली. त्या क्रमात मुलं कपाटातून नार्निया या जादूच्या जगात शिरतात ती कपाटाची गोष्ट, म्हणजे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', पहिली आणि १९५५ चं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' सहावं. पुढे कथेतल्या काळाप्रमाणे आकडे बदलले, तेव्हा 'मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं झालं आणि कपाटाची गोष्ट दुसरी. तुमच्या गोदामात १ नंबरचं पुस्तक जुन्या छपाईतलं उचललं, २ ते ७ नव्या छपाईतली उचलली आणि वर प्लॅस्टिक गुंडाळलं. पाठीवर आकडे १ ते ७ जुळले. आत १ आणि २ एकच पुस्तक आहे, आणि 'मॅजिशियन्स नेफ्यू' नाहीच.

हे मी चारही वेळा सांगितलं. आजचं बोलणं तुमच्याकडे रेकॉर्ड झालं असेल, ते तुम्ही स्वतः ऐका. "मॅडम, पाठीवरचे नंबर वाचा." वाचले. "मग सात आहेत ना?" मी म्हटलं, १ आणि २ एकच आहे. "कव्हर सेम आहे का?" नाही, कव्हर वेगळं आहे. "मग पुस्तक वेगळं आहे, मॅडम." मी दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडली, दोन्हींची नावं वाचली, मग दोन्हींतल्या पहिल्या प्रकरणाचं नाव वाचलं. शब्दन्‌शब्द तेच. थोडा वेळ पलीकडे शांतता. मग, "सिस्टीममध्ये सेट कम्प्लीट दाखवतोय." आणि त्यावर, "लहान मुलांचंच पुस्तक आहे ना? एखादं नसलं तरी गोष्ट कळते."

नाही कळत. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. रात्री मी एकेक प्रकरण वाचून तिला मराठीत सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यात आमचा मागीलदारचा फणसही मुळासकट गेला. सासऱ्यांनी त्याच्या फळ्या काढून सुकवल्या आणि कपाट करून घेतलं. तेव्हा पिवळंधमक असलेलं लाकूड आता मधाच्या रंगाचं झालंय. पहिलं पुस्तक संपल्यापासून पोरगी रोज माझ्या साड्या बाजूला सारून त्या कपाटात शिरते, मागच्या फळीवर बोटांनी ठकठक करते आणि कान लावून बसते. परवा तिने विचारलं, "आई, त्यांचंच कपाट का उघडलं?"

याचं उत्तर तुम्ही न पाठवलेल्या पुस्तकात आहे. त्यातला डिगरी नावाचा मुलगा आजारी आईसाठी दुसऱ्या जगातून सफरचंद आणतो, ते खाऊन ती बरी होते, त्याचा गाभा तो अंगणात पुरतो. झाड मोठं होतं, वादळात पडतं, आणि त्याच्या लाकडाचं कपाट होतं. कॉलेजात असताना वाचलेलं हे मी इतकी वर्षं जपून ठेवलंय. तिला मी फक्त "पुढच्या पुस्तकात आहे" एवढंच सांगितलं. ते तिला पुस्तकातूनच कळावं, एवढ्यासाठी हा संच घेतला होता.

सात दिवसांची मुदत संपली, असं तुमचं म्हणणं. पार्सल वाढदिवसासाठी ठेवलं होतं, बाराव्या दिवशी उघडलं. आधी उघडलं असतं तरी १ आणि २ एकच निघालं असतं, चूक तुमच्या गोदामातली आहे. 'तुमच्या पिनकोडला पिकअप नाही' हे दुसरं कारण. पैसे घेताना हाच पिनकोड चालला होता. पार्सलही घरी आलं नाही, मी एसटीने श्रीवर्धनला जाऊन आणलं.

लॉकडाऊनपासून मुलीचं प्रत्येक पुस्तक मी तुमच्याकडून घेतलं. गावात पुस्तकांचं दुकान नाही, आम्हाला तुमचाच आधार होता. म्हणून जास्त वाईट वाटतं.

मला पैसे परत नकोत. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पाठवा, आणि तेही नव्या छपाईतलं, पाठीवर १ असलेलं. जास्तीचं पुस्तक मी स्वतः श्रीवर्धनला आणून देईन. पंधरा दिवसांत पुस्तक आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला तक्रार नोंदवीन आणि अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. २०१९ च्या कायद्याने मला माझ्याच जिल्ह्यात दाद मागता येते, हे मी विचारून घेतलं आहे. बिल, दोन्ही पुस्तकांचे फोटो आणि तुमचा 'निकाली'चा मेसेज सोबत जोडला आहे.

आणि पुन्हा फोन कराल तेव्हा मला पाठीवरचे आकडे वाचायला सांगू नका.

आपली ग्राहक,
दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड