मित्रास पत्र : बोटाला लागणारी दरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की मुलं सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेची, म्हणजे जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दाखवण्याच्या क्षमतेची, गणितं बिनचूक सोडवतात आणि तास संपताना विचारतात, "सर, अजून झूम केलं तर दिसेल ना?" माझ्याकडेही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. यंदा फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी मी त्यांच्या हातात प्लास्टिकच्या टेकड्या दिल्या. त्याबद्दल तुला सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं.

चमकणारा रेणू कितीही लहान असो, भिंगातून त्याची प्रतिमा मधे उजळ आणि कडेला विरत जाणारी चकती होऊनच येते. एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं. मी काय केलं, जिथे जितका उजेड तिथे तितकी उंची असं धरून ती चकती थ्रीडी प्रिंटरवर छापली. दहा नॅनोमीटरला एक मिलिमीटर हे प्रमाण. १.४ न्यूमरिकल अपर्चरचं (भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं, त्याचं माप) ऑइल ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याकडचं तेल लावून वापरायचं भिंग, आणि ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश घेतला, तर ०.६१ गुणिले तरंगलांबी भागिले अपर्चर म्हणजे २२७ नॅनोमीटर. माथ्यापासून पहिल्या काळ्या वलयापर्यंतचं अंतर झालं जेमतेम २३ मिलिमीटर. उंची ४० ठेवली. टेकडी तळहातावर मावते. भोवतीचं पहिलं उजळ वलय शिखराच्या पावणेदोन टक्के उंचीचं, म्हणजे ०.७ मिलिमीटर. प्रिंटरचे तीन-चार थर फक्त! डोळ्याला ते चटकन दिसत नाही, पण नख फिरवलं की लागतं.

टेकडीशेजारी मी काडेपेटीतली एक काडी ठेवली. पेशीतली मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे प्रथिनांची बारीक नळी, २५ नॅनोमीटर जाडीची, आपल्या प्रमाणात अडीच मिलिमीटर, म्हणजे साधारण त्या काडीएवढी. काडी ही खरी वस्तू आणि तिच्यावरच्या एकाच रेणूचा उजेड म्हणजे ही अख्खी टेकडी. वर्ग एकदम गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे झूम केलं की टेकडीपण तेवढीच मोठी होणार." इतकी वर्षं मी जे समजावून दमलो होतो, ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं. लगेच ०.२५ अपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हची टेकडी पुढे केली. प्रमाण तेच, पण व्यास पाव मीटरचा. चार तुकड्यांत छापून चिकटवावी लागली. सूत्रात अपर्चर भागाकारात खाली का येतं हे नंतर वेगळं सांगावंच लागलं नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण तीच तुझ्या जास्त उपयोगाची आहे. पहिल्या वेळी मी दोन सुट्या टेकड्या दिल्या आणि म्हणालो, जवळ आणत जा, कधी एक होतात ते बघा. त्या एक होतील कशा? पायथे एकमेकांना अडले. मुलांनी निष्कर्ष काढला, की दोन रेणू याहून जवळ येऊच शकत नाहीत. मी हातात दिलेल्या वस्तूनेच त्यांना चुकीचं शिकवलं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. प्लास्टिक प्लास्टिकला अडवतं, उजेड उजेडाला अडवत नाही. वेगवेगळ्या रेणूंच्या उजेडांची बेरीज होते, म्हणून छापायची ती बेरीजच.

मग एकेका अंतरासाठी स्वतंत्र प्लेट केली : ४००, ३००, २२७, २००, १७५ आणि १५० नॅनोमीटर. डोळे मिटून दोन माथ्यांवरून बोट फिरवायचं. २२७ ला, म्हणजे दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी रेले या भौतिकशास्त्रज्ञाने आखलेल्या मर्यादेवर, मधली दरी माथ्यापेक्षा सुमारे २६ टक्के खोल आहे. बोटाचं टोक तिच्यात छान बसतं. २०० ला दरी तीन मिलिमीटर उरते, तरी लागते. १७५ ला माथा सपाट होतो आणि १५० ला एकच, जरा लांबट टेकडी. रेलेची मर्यादा हा माणसांनी सोयीने ठरवलेला टप्पा आहे, निसर्गाने घातलेली भिंत नाही, हे मुलांच्या बोटांनीच मला सांगितलं. वर्गात एक मुलगा आहे, त्याला फार कमी दिसतं. सूक्ष्मदर्शकाच्या तासाला तो नेहमी मागे बसायचा. त्या दिवशी २०० ची दरी सगळ्यांत आधी त्याला सापडली, आणि बाकीच्यांना ती कशी शोधायची हे तो दाखवत होता.

मला स्वतःला सगळ्यांत आवडली ती शेवटची जोडी. अंतर दोन्हींत २००च, फरक फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, संख्येचा. माथ्यावर २५ फोटॉन आले तर योगायोगाने होणारा चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, पाचाचा, म्हणजे २० टक्के. आठ टक्क्यांची दरी त्या खडबडीत पृष्ठभागात हरवून जाते. २५०० फोटॉन असले की चढउतार दोन टक्क्यांवर येतो आणि दरी परत हाताला लागते. नुसत्या भिंगावर सगळं ठरत नाही, उजेड किती गोळा केला यावरही ठरतं. पाठ्यपुस्तकात हे मला एका जागी कधी नीट मिळालं नव्हतं.

फाइली तुला पाठवतो. छापल्यावर पृष्ठभाग घासू नकोस, थरांच्या रेघा समोच्च रेषांसारख्या वाचता येतात. अंतराचे आकडे प्लेटच्या तळाला कोरलेत. मुलांनी "एक की दोन" हे सांगेपर्यंत प्लेट उलटी करू देऊ नकोस, आणि १७५ वर तुझ्या वर्गात काय उत्तरं येतात ते मला नक्की कळव. माझ्याकडे निम्म्यांनी "दोन" म्हटलं, आणि का म्हटलं ते मला अजून नीट उलगडायचं आहे.

तुझा,
जुना प्रयोगशाळेतला सोबती