कापलेल्या पट्टीवरची लाल रेघ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातील एका औषध दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी ‘घरी सर्दी-ताप आहे, जरा पॉवरची गोळी द्या’ असे सांगितले आणि दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी न मागताच अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिकच्या) पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्या तुकड्यावर ना औषधाचे पूर्ण नाव होते, ना चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये असे बजावणारी उभी लाल रेघ. ती उरलेल्या पट्टीबरोबर दुकानातच राहिली.

सर्दी होते विषाणूंमुळे, आणि प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. त्या गोळ्यांनी मारले असतील ते घशातले आणि आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू. ‘शरीराला औषधाची सवय होते’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण औषधाला दाद देईनासे होतात ते जिवाणू. कोट्यवधी जिवाणूंमध्ये औषध तोडणारे विकर (एन्झाइम) बनवणारे किंवा आत शिरलेले औषध बाहेर फेकणारे मोजके जिवाणू असू शकतात. बाकीचे मेले की त्यांना रान मोकळे मिळते, आणि हा गुण देणारी जनुके ते कित्येकदा वेगळ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. असे जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात, त्यामुळे ज्याने ती गोळी कधी घेतलीच नाही, त्याच्याही संसर्गावर ती लागू पडेनाशी होऊ शकते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच औषध अपुऱ्या मात्रेत घेतल्याने जिवाणू असे दाद देईनासे होण्याचा धोका सांगितला होता.

रोजंदारी बुडवून दवाखान्यात जाणे अनेकांना परवडत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या बाईंना मी दोष देत नाही. दुकानदाराला मात्र कायदा माहीत असतो. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या अधिक कडक यादीतील) सेफिक्झिमसारख्या प्रतिजैविकांची विक्री रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावांसह स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि अझिथ्रोमायसिनलाही चिठ्ठी लागतेच. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांची खरेदीची बिले या नोंदवह्यांशी व चिठ्ठ्यांशी ताडून पाहावीत. डॉक्टरांनीही गोळी किती दिवस घ्यायची ते चिठ्ठीवर वाचता येईल अशा अक्षरात लिहावे आणि दुकानदाराने तेवढ्याच गोळ्या, नाव व लाल रेघ दिसेल अशा रीतीने द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सातारा