टायरच्या दुकानातल्या दादांना, एका डब्यासाठी

नमस्कार दादा,

चाकांचा तोल साधायला रिमवर बसवतात ती जुनी शिशाची वजने तुम्ही आम्हाला डबाभर दिलीत, वितळवून गळाच्या दोरीची वजने ओतायला, त्याबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र खरे तर प्लायरच्या खुणांसाठी आहे.

डब्यातल्या प्रत्येक वजनाच्या कडेला तुम्ही कटिंग प्लायरने एक चिमटा घेतला होता, अगदी पाच ग्रॅमच्या तुकड्यालाही. शिसे असेल तर प्लायरचे दात सहज रुततात आणि आत ताजी, चकचकीत चीर दिसते. जस्त असेल तर दात अडतात, वर जेमतेम ओरखडा उठतो. डब्यात खोल चीर नसलेला एकही तुकडा नव्हता. जस्ताची वजने वेगळ्या पिशवीत, चुंबकाला चिकटलेली लोखंडी तिसरीकडे. कुणी सांगितले नव्हते, कुणी पैसे दिले नव्हते. दिवसभर चाके उतरवून-चढवून झाल्यावर हे काम कुणी करत बसले असेल, यावर विश्वास बसत नाही.

या चिमट्याची किंमत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांनाच कळेल, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. शिसे ३२७ अंशांना वितळते, जस्त ४२० ला. आच सांभाळून भांडे ३६०-३७० च्या आसपास ठेवले तर जस्ताचा चुकार तुकडा वजन रिमला अडकवायच्या लोखंडी क्लिपांबरोबर वर तरंगतो आणि झाऱ्याने काढता येतो. पण घरच्या शेगडीला तापमानाचा काटा नसतो. आच चढली की तो तुकडा विरघळतो आणि अख्खे भांडे वाया जाते. रस लापशीसारखा दाटतो, साच्याच्या कोपऱ्यांत शिरत नाही, वजनाला सुरकुत्या पडतात आणि दोरी बांधायची तारेची कडी अर्धी उघडी राहते. एकदा विरघळलेले जस्त घरच्या घरी वेगळे काढता येत नाही. शिवाय ते हलके. ज्या साच्यात शिशाचे १०० ग्रॅम बसतात त्यात जस्त भरले तर ६३ ग्रॅम भरेल. ओहोटीला आपल्या गोव्यातल्या मांडवीच्या मुखाशी पाणी ओढायला लागले की असले वजन जागेवर टिकत नाही, तंगूस (गळाची दोरी) वाहत जाते आणि खडकात अडकते.

वजनांवर पीबी (शिसे), झेडएन (जस्त) किंवा एफई (लोखंड) अशी अक्षरे ठोकलेली असतात खरी, पण अर्ध्या तुकड्यांवर रंग आणि ब्रेकची काळी धूळ बसलेली असते. युरोपीय संघाने १ जुलै २००५ पासून मोटारींच्या चाकांना शिशाची वजने बंद केली, तेव्हापासून जस्त आणि लोखंडाचा वापर वाढला. म्हणजे जुन्या वजनांच्या ढिगात आता तिन्ही धातू हमखास सापडणार. नख ओढून पाहा, सिमेंटवर टाकून आवाज ऐका (शिसे थप्प पडते, जस्त खणकते), खरवडलेल्या जागी संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकून फेस येतो का बघा. हे सगळे उपाय चालतात, पण प्लायरइतका झटपट आणि खात्रीचा एकही नाही.

तुमच्याआधी जे अनुभव आले तेही लिहायला हवेत. एका भंगारअड्ड्यावर मिसळलेला माल शिशाच्या भावाने मापला गेला, वर "निवडायचे असेल तर घेऊ नका" हे ऐकवले. क्लिपांचे लोखंडही शिशाच्या भावात. मुळात दहा किलो क्लिपवाल्या वजनांतून क्लिपा, रंग आणि मळी (वितळल्यावर वर येणारा मळ) गेल्यावर आठ-साडेआठ किलोच शिसे हाती लागते, त्यात जस्ताची भर पडली तर उरणार काय? दुसरीकडे याहून वाईट. फोडलेल्या बॅटरीच्या प्लेटी पुढे केल्या, "यात शिसेच शिसे आहे" म्हणून. दादा, त्या प्लेटींवरचा बराचसा भाग शिशाच्या क्षारांचा लगदा असतो. घरच्या भांड्यात त्यातून धातू निघत नाही, निघते ती विषारी धूळ आणि आम्लाची वाफ. वरून काढलेल्या मळीला पाणी लागले तर त्यातून प्राणघातक वायू सुटू शकतात. जुनी बॅटरी दुकानदाराकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणवाल्याकडेच गेली पाहिजे, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत तेच आहे. विकणाऱ्याला हे माहीत नसेल असे वाटत नाही. गिऱ्हाईकाच्या घरात लहान मूल आहे का, एवढे तरी विचारायचे.

तुम्ही डब्याचे झाकण घट्ट लावून वर प्लास्टिक बांधले होते, तेही लक्षात आले. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवेतच पाणी. क्लिप आणि शिसे यांच्या फटीत दोन थेंब राहिले आणि तो तुकडा वितळलेल्या रसात पडला, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि तापलेले शिसे तोंडावर उडते. म्हणून भंगार नेहमी थंड भांड्यात आधी भरायचे आणि मग आच लावायची. चालू भांड्यात नवा तुकडा टाकायचाच असेल तर तो आधी भांड्याच्या कडेवर ठेवून कडकडीत तापवायचा. साचासुद्धा गरम आणि कोरडा हवा. हे लिहितोय कारण तुमचा डबा बघून आणखी काही जण विचारायला येतील. त्यांना एवढे जरूर सांगा: उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, लोखंडी भांडे आणि पळी फक्त याच कामाची, ती पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही. नंतर हात साबणाने धुवायचे, कपडे वेगळे. मळी माडाच्या आळ्यात टाकायची नाही, पत्र्याच्या डब्यात बंद करून भंगारात द्यायची.

तुमच्या डब्यातल्या मालात अँटिमनी या धातूचा अंश आहे, त्यामुळे तो साध्या शिशाहून कडक. खडकावर आपटून त्याचा आकार लवकर बिघडत नाही. आग्वादच्या खालच्या खडकांत तांबोशी आणि गोबऱ्या या माशांसाठी थेंबाच्या आकाराची वजने त्यातून उत्तम होतात. उघड्या किनाऱ्याच्या वाळूसाठी ८० ते १२० ग्रॅमचे पिरॅमिड, खाडीत चोणक माशासाठी ३० ते ६० ग्रॅमचे, मधून भोक असलेले लांबट. तंगुसावर दातांनी किंवा पकडीने दाबायच्या बारीक गोळ्यांना मात्र हे शिसे चालत नाही. त्याला मऊ लागते, जुन्या नळाचे किंवा टेलिफोनच्या जुन्या केबलवरच्या आवरणाचे. आणि खरे सांगायचे तर त्या गोळ्या शिशाच्या करूच नयेत. दातांनी तर कधीच दाबू नयेत. इंग्लंडात १९८७ पासून बारीक शिशावर बंदी आहे, कारण हंस ते खड्यांबरोबर गिळून मरत होते. आपल्याकडे चोडणच्या खारफुटीत सालीम अली अभयारण्य आहे. तिथल्या चिखलात चोची खुपसणाऱ्या पाखरांचा तरी विचार व्हावा. बारीक कामाला कथील वापरावे, मोठ्याला शिसे.

माणसाचा चांगुलपणा असल्या बारीकसारीक कामांत दिसतो असे वाटते. वजन काट्यावर कमी भरले तर भांडता येते. डब्यात एखादे जस्त राहिले असते तर तुम्हाला कुणी जाब विचारला नसता, विचारता आलाही नसता. तरी तुम्ही प्रत्येक तुकडा हातात घेतलात. बाजारात असा माणूस भेटला की तिथे पुन्हा जावेसे वाटते, मग शिसे घ्यायचे असो वा टायर.

डबा धुऊन, वाळवून दुकानावर ठेवला आहे. सोबत ६० ग्रॅमची दहा वजने आहेत, तुमच्या वाड्यावर कुणी गरवायला जात असेल तर त्यांना द्या. पुढच्या खेपेला एवढेच करा: रिमच्या आतून चिकटवायच्या पट्टीची वजने या डब्यात घालू नका. त्यांचा मागचा चिकट फोम भांड्यात जळून भयंकर धूर होतो. ती वेगळ्या पिशवीत ठेवलीत तर फोम खरवडून आम्हीच नेऊ.

देव बरें करूं, दादा.

तुमचे,
बार्देशातले गरवणारे