नशेच्या गोळ्यांनी गेलेली पोरं मोजा तरी

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात दर महिना पंधरा दिवसाला बातमी असते की धुळ्यात नाहीतर मालेगावात कुत्ता गोळी (म्हणजे नशेसाठी विकली जाणारी अल्प्राझोलम ही झोपेची गोळी) पकडली, इतक्या स्ट्रिप, इतक्या हजारांचा मुद्देमाल. माल रुपयापर्यंत मोजला जातो, पण त्या गोळ्यांनी किती पोरं गेली ते कुठंच येत नाही, कारण ते कुणी मोजतच नाही.

माझं अमळनेरला मेडिकल आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला चोवीस वर्षांचा पोरगा गेला. आई एकच सांगत होती, "रातले जपना तो सकायले उठनाच नही." रात्रभर जोरात घोरत होता, म्हणून घरच्यांना वाटलं गाढ झोपलाय. गादीखाली अल्प्राझोलमच्या तीन स्ट्रिप निघाल्या, बॅच नंबरचा कोपरा कात्रीने कापलेला, शेजारी दारूची क्वार्टर. ही गोळी आणि दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध एकत्र पोटात गेलं की श्वास मंदावत जातो, ते घोरणं म्हणजे झोप नव्हती हो. पोस्टमॉर्टमच्या कागदावर लिहिलं व्हिसेरा (विषाच्या तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला, रिपोर्ट यायला आठ महिने लागले, तो आणायला कुणी गेलंच नाही आणि गल्लीत आजही सांगतात की अटॅक आला.

एम्सच्या 2019 च्या सर्व्हेत देशात अफूजन्य नशा करणारे सव्वादोन कोटींच्या वर आणि झोपेच्या गोळ्यांवाले सव्वा कोटीच्या आसपास निघाले. आणि देशभरातल्या गुन्ह्यांची, अपघाती मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या वार्षिक अहवालात ओव्हरडोसचे मृत्यू पूर्ण देशात हजारसुद्धा नाहीत. हे पटतं का कुणाला? अमेरिकेत रक्त तपासून मृत्यूच्या दाखल्यावर औषधाचं नाव लिहितात, म्हणून त्यांना कळलं की फेंटानिल हे अफूच्या जातीचं जबर औषध मारतंय. मग श्वास परत आणणारं नालोक्सोन 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळायला लागलं, आणि वर्षाला लाखाच्या वर असलेले मृत्यू 2024 मध्ये ऐंशी हजारांच्या आसपास आले. मृत्यू कमी व्हायला दुसरीही कारणं आहेत, पण आकडा होता म्हणून उपाय शोधता आला ना. नालोक्सोन अल्प्राझोलमवर चालत नाही, ते अफूच्या जातीच्या औषधांवरच चालतं, म्हणून आपल्याकडे कोण कशाने जातंय हे आधी कळायला पाहिजे.

धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. त्यांनी मागच्या पाच वर्षांतले चाळिशीच्या आतल्या लोकांचे व्हिसेरा रिपोर्ट काढून नुसते मोजले तरी खूप होईल. घरचे पोलिसांच्या भीतीने बोलत नाहीत हे खरंय, पण स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या 64 अ कलमात संरक्षण आहे, हे दवाखान्यांनी भिंतीवर मराठीत लावावं.

शेड्यूल एच वन औषधांचं (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची, अल्प्राझोलमसारखी औषधं) रजिस्टर आम्हाला तीन वर्षं जपावं लागतं. कॉलेजच्या मुलांना अभ्यासाला पाहिजे असेल तर पेशंटची नावं झाकून माझं मी दाखवायला तयार आहे, दुकान सकाळी नऊला उघडतं.

एक मेडिकलवाला, अमळनेर (जि. जळगाव)