रिपोर्टात नसलेला आकडा

येळ्ळूर, ता. जि. बेळगाव

चि. सागर यास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

सुगी आटोपली. भात मळून पोती घरात आली. नव्या बासमतीचा पहिला भात तुझ्या आईने देवाला दाखवला आणि तुझ्या वाट्याचे वीस किलो वेगळे बांधून ठेवले. पुण्याला कुणी जाणारं भेटलं की पाठवतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पाडव्याला आपण राजहंसगडावर चालत गेलो, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फोनवर काढली की तू "होय अप्पा, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथंच राहतो. म्हणून लिहायला बसलो.

गडाचा रस्ता दुसऱ्यांदा वळतो तिथं तू थांबलास. शिवाराचा फोटो काढतोय असं दाखवलंस. मी बाजूलाच होतो. मोबाईल छातीबरोबर वरखाली होत होता. कानामागून घामाची धार लागली होती, आणि "अप्पा, तुम्ही व्हा पुढं" एवढं म्हणायला तुला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. तुझं वय ३१. माझं ६३, आणि छातीत दोन स्टेंट.

वर सिद्धेश्वराच्या देवळात टेकल्यावर मी विचारलं, तर म्हणालास, "ऑफिसात आत्ताच फुल बॉडी चेकअप झालाय, सगळं नॉर्मल आहे." खरंच आहे ते. साखर, कोलेस्ट्रॉल, ईसीजी, सगळा कागद मी स्वतः वाचला. पण माझाही कागद नॉर्मलच होता रे. दरवर्षी तपासणी व्हायची, डोळे, बीपी, साखर, मग शिक्का. शेवटचा शिक्का बसला त्याच्या पाचव्या महिन्यात मी डेपोच्या बाकावर घामाघूम होऊन बसलो आणि तुझ्या मामाने मला उचलून रिक्षात घातलं. वय ५४. तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती, पेपर संपेपर्यंत आम्ही तुला कळवलंसुद्धा नाही.

मी २६ वर्षं गाडी मारली, त्यातली बरीच पणजीच्या रूटवर. डेपोतून निघताना इंजिन कसं आहे ते कळत नाही. जांबोटीपर्यंतही कळत नाही. परतीला केरी सोडली की चोर्ल्याचा चढ लागतो. आत माणसं खच्चून भरलेली, टपावर सामान, आणि सेकंडवर टाकूनही गाडी ओढेना, तेव्हा कळतं. तुझे सगळे रिपोर्ट सपाटीवरचे आहेत. रक्त खुर्चीत बसून दिलंस, ईसीजी आडवा पडून काढलास. चढाला तू किती ओढतोस हे कुणी बघितलंच नाही.

आपण त्याला दम म्हणतो, डॉक्टर एरोबिक फिटनेस म्हणतात. शरीर जोरात कामाला लागलं की मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं ते माप. हवेतला ऑक्सिजन फुप्फुसाने घ्यायचा, रक्ताने वाहायचा, हृदयाने ढकलायचा आणि शेवटी मांडीच्या, पोटरीच्या पेशींनी तो जाळायचा. यातलं एक जरी ढिलं पडलं तरी आकडा खाली येतो. म्हणून हा एकच आकडा एवढं सांगून जातो.

तो मोजतात ट्रेडमिलवर. दर तीन मिनिटांनी पट्टा जोरात फिरू लागतो आणि चढही वाढतो. अँजिओप्लास्टीनंतर काही आठवड्यांनी माझी ही टेस्ट झाली. दुसऱ्या टप्प्यातच मी दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला आणि "थांबवा" म्हणालो. कागदावर आलं ५.८ मेट. स्वस्थ बसलेल्या माणसाला जितका ऑक्सिजन लागतो तो एक मेट, म्हणजे किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर. त्याच्या सहापटही मला खेचता येत नव्हतं. दोन वर्षांखाली तीच टेस्ट पुन्हा केली तेव्हा ८.६ आले. दोन्ही कागद कपाटात एकाच पिशवीत ठेवलेत.

तुझी ताई फिजिओथेरपी शिकलेली. गेली काही वर्षं रोज संध्याकाळी तिला विचारून विचारून मी हे समजून घेतलं आहे. अमेरिकेत ६,२१३ पुरुषांना ट्रेडमिलवर चालवून मग बरीच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ साली ते छापून आलं. एकेका मेटमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. पुढे २०१८ साली क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १,२२,००७ जणांच्या टेस्टांचा हिशेब मांडला. ज्यांचा दम सगळ्यात कमी, त्यांना मरणाचा धोका सिगारेट किंवा मधुमेहाने वाढतो तितका, किंबहुना त्याहूनही जास्त वाढलेला निघाला. आणि वरच्या बाजूला "आता एवढा दम पुरे" अशी रेघ कुठंच सापडली नाही. मी सिगारेट ओढत असतो तर तू माझ्या हातातून हिसकावून घेतली असतीस. मग हे मी तुला सांगायचं नाही का?

आता मामाचं. आम्ही एकाच डेपोला, बरीच वर्षं एकाच गाडीवर. मी स्टिअरिंगवर, तो कंडक्टर. डबा दोघांचा एकच, तुझ्या आईच्या हातचा. एकच धूळ, एकच नाईट हॉल्ट. पण मी बसलेला आणि तो उभा. गर्दीतून मागच्या दारापर्यंत तिकिटं फाडत जायचं, परत यायचं, शिडीने टपावर चढून पोती बघायची, उतरून शिट्टी मारायची. माझ्या खाकी पँटची कमरेची शिवण तुझ्या आईने तीनदा उसवून सैल केली. चौथ्यांदा सोडायला आत कापडच उरलं नव्हतं. मामाची पँट भरती झाला तेव्हाच्या मापाची. आज तो ६६ वर्षांचा आहे आणि गडावर माझ्या पुढं असतो.

एका मामावरून काही ठरत नाही, हे मलाही कळतं. पण अगदी हीच जोडी लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तपासली होती, हे ताईने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिथल्या दोन मजली बसचे ड्रायव्हर ड्युटीचा ९० टक्के वेळ बसलेले, आणि कंडक्टर दिवसाला सुमारे ६०० पायऱ्या चढणारे. पगार, राहणी जवळपास सारखी. १९५३ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात त्याने आकडे छापले. ड्रायव्हरांत हृदयविकार जास्त, आणि पहिल्याच झटक्यात जाणारेही जास्त. पोस्टातही तेच निघालं, टपाल वाटत फिरणारे सुखरूप आणि टेबलावर बसणारे जास्त दगावलेले. मग शंका आली की जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील, म्हणून गडी गणवेशाच्या मापांची वहीच काढून बसला. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या होत्याच, पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघाला नाही. हे वाचताना मला आईची ती उसवलेली शिवण दिसत होती.

तू इंजिनिअर. तू म्हणणार, मुळात धडधाकट असतात तेच चालतात-पळतात, त्यात चालण्याचं काय श्रेय? प्रश्न रास्त आहे, आणि दम काही अंशी जन्मतःच मिळतो हेही खरं. पण अमेरिकेतच ९,७७७ पुरुषांची टेस्ट काही वर्षांच्या अंतराने दोनदा घेतली होती. पहिल्या वेळी नापास आणि दुसऱ्या वेळी पास झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण, दोन्ही वेळा नापास राहिलेल्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी निघालं. त्यांचा जन्म तोच होता, दम बदलला होता. उलट बाजूही सांगतो, नाहीतर तू शोधून मला दाखवशील. नॉर्वेत सत्तरी ओलांडलेल्या १,५६७ जणांचे गट पाडून पाच वर्षं बघितलं, तेव्हा खास व्यायाम दिलेले आणि न दिलेले यांच्या मृत्यूत ठाम फरक सापडला नाही. न दिलेलेही आपणहून बरंच चालत होते, असं ताई म्हणाली. म्हणजे हा काही ताईत नव्हे. पण एवढ्या बाजूंनी एकच गोष्ट समोर येते, तेव्हा मी तरी ती मानतो.

आणि रविवारचं तुझं लोळणं. "आठवडाभर डोकं फुटतं, एक दिवस पडून राहू दे" म्हणतोस. झोप घे, त्याला माझी ना नाही. पण १९६६ साली डॅलस शहरात विशीतल्या पाच पोरांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवलं होतं. त्यांचा दम चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरला. ३० वर्षांनी, ती पन्नाशीला आल्यावर त्याच पाच जणांना पुन्हा मोजलं. ३० वर्षांच्या वयाने जितका नेला नव्हता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेला होता. मग सहा महिने सावकाश व्यायाम करवून घेतला, तर वयाने गेलेला दम परत आला. पन्नाशीला परत येतो, तर तुला ३१ ला का येणार नाही?

तिशीनंतर दर दहा वर्षांनी दम साधारण दहा टक्क्यांनी उतरत जातो, पुढे आणखी वेगाने. आज तुझ्याकडे जे आहे त्यातूनच हे वजा होणार. आजीला शेवटची पाच वर्षं न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागायचं, तू बघितलंयस. तिला मोठा आजार कुठलाच नव्हता. दम संपला होता.

काय करायचं ते फार नाही. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालायचं, जागतिक आरोग्य संघटनाही निदान एवढं सांगते. झपझप म्हणजे किती? मामा माळकरी, चालताना अभंग म्हणतो. सपाटीला त्याचा सूर लागतो. चढावर बोलता येतं पण अभंग मध्येच तुटतो. तो जिथं तुटतो तोच वेग. तो अंगवळणी पडला की आठवड्यातून एक-दोन दिवस चार-चार मिनिटं जोरात, बोलणंही अवघड व्हावं इतकं, आणि मध्ये तीन मिनिटं सावकाश, असं चारदा. तुझ्याजवळ पर्वती आहे, हनुमान टेकडी आहे. लांब पडत असेल तर सातव्या मजल्याचा जिना आहेच, लिफ्टचं बटण दाबू नको. पण सुरू करण्याआधी डॉक्टरांना माझं सांग, जमलं तर एक ट्रेडमिल टेस्ट करून घे. छातीत जड वाटलं तर तिथल्या तिथं थांबायचं.

माझं सांग म्हणतो त्याला कारण आहे. बापाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल तर पोराचा धोका वाढलेला धरतात. मला चौपन्नाव्या वर्षी आला. शेताची वाटणी मी तुम्हा दोघांना बसवून, विचारून केली. ही वाटणी न विचारताच तुझ्या नावावर पडली आहे, आणि ती मला परत घेता येत नाही. रात्री जाग आली की हेच डोक्यात येतं.

माझे दोन्ही कागद ताई मोबाईलवर पाठवेल. तुझी टेस्ट झाली की तुझा आकडा कळव, कमी आला तरी कळव. शिमग्याला येशील तेव्हा बूट घेऊन ये, मागच्या वेळच्या चपला नकोत. गाडी पायथ्यालाच लावू. मामा येतो म्हणालाय.

तुझा,
अप्पा