पहिल्या सहीपूर्वी

म्हार्दोळ, फोंडा

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. लग्न केवळ नोंदणी करून करायचे, देवक नाही, मंगलाष्टके नाहीत, आणि तिकडच्या एका अर्जात धर्माच्या रकान्यात तू ‘कोणताही नाही’ असे लिहिलेस, हे सगळे तू स्वतःहून कळवलेस याचे मला समाधान आहे. तुझ्या निर्णयाला माझा विरोध नाही, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे तू शांतपणे वाचशील. माझे म्हणणे आहे ते तू दिलेल्या कारणाविषयी. समाज शिकत जातो तसतसा धर्म आपोआप ओसरतो, हे समाजशास्त्राने सिद्ध केले आहे आणि आपण इतरांपेक्षा थोडे आधी तिथे पोचलो, असे तू लिहितोस. ते मला पटत नाही.

तू राहतोस त्या देशापुरते तुझे म्हणणे खरे आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत 37.2 टक्के लोकांनी आपल्याला धर्म नाही असे सांगितले, आणि स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्याहून कमी, 46.2 टक्के, भरले. पण एका खंडात घडले ते जगभर घडेलच, असे मानण्याची चूक मोठमोठ्या अभ्यासकांनीही केली आहे. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्जर हा 1960 च्या दशकात या विचाराचा प्रमुख पुरस्कर्ता होता, आणि त्यानेच 1999 मध्ये आपले म्हणणे चुकले होते असे उघडपणे मान्य करून, जग पूर्वीइतकेच धर्मनिष्ठ आहे, काही ठिकाणी तर अधिकच, असे लिहिले. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून मी जे काही वाचले त्यात होसे कासानोव्हा या समाजशास्त्रज्ञाने 1994 मध्ये केलेली फोड मला सर्वांत उपयोगी वाटली. तीन निरनिराळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो, असे तो दाखवतो: कायदा, राज्य, व्यापार यांनी धर्माच्या अंमलाखालून बाहेर पडणे, लोकांची श्रद्धा आणि आचार घटणे, आणि धर्म घराच्या चार भिंतींआड जाणे. पहिली घडली म्हणून उरलेल्या दोन घडतात असे नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी सव्वीस वर्षे विवाह नोंदणी कार्यालयातल्या माझ्या टेबलावर पाहिले होते. आपल्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे आणि 1910 च्या विवाह कायद्यामुळे लग्न ही कायद्याच्या दृष्टीने मुळातच नोंदणीची बाब आहे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळी जोडपी पहिल्या सहीसाठी, म्हणजे लग्नाचा इरादा नोंदवायला, त्याच बाकावर बसत. म्हणजे कासानोव्हाची पहिली गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेली. तरी श्रद्धा तसूभर हलली नाही. एकदा लग्न पक्के करणारी दुसरी सही आटोपल्यावर नवऱ्या मुलाने सहज मुलीची पिशवी हातात घेतली, तर तिच्या आईने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, “सय जाली, पूण लग्न अजून जावंक ना.” शाई अजून ओली होती. कायद्याने ती दोघे त्या क्षणी पतिपत्नी होती, आणि त्या माउलीच्या लेखी अक्षता पडेपर्यंत परकी होती. तिला दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्ण मान्य होत्या आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नव्हते. अशा माणसांना मागे राहिलेली समजणे मला जमत नाही.

आता निवडीविषयी. ‘धर्म वारशाने मिळत होता, आता तो निवडता येतो’ असे तू लिहिलेस, आणि बर्जरही तेच सांगतो. पाखंडासाठी युरोपातील भाषांत जो शब्द आहे त्याचे ग्रीक मूळच ‘निवड’ असे आहे, आणि आधुनिक माणसाला निवडल्यावाचून गत्यंतर नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. पण आपल्या घराला हा प्रश्न सोळाव्या शतकातच पडला होता. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले, 1567 च्या सुमारास दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतील देवळे पाडली गेली, आणि वेर्ण्याची म्हाळसा देवी जुवारी नदी ओलांडून आदिलशाहीच्या मुलखात, इथे म्हार्दोळला आली. जे तिच्याबरोबर आले त्यांनी जमीन सोडली. जे मागे राहिले त्यांनी जमीन राखली आणि देव बदलला. भाऊभाऊ असे विभागले गेले. दोघांनीही निवडले असे म्हणायचे का? मला ‘निवड’ हा शब्द तिथे उच्चारताना संकोच वाटतो, कारण दोन्ही वाटांवर नुकसान ठेवलेले होते.

तुला आठवते का, तू सातवीत असताना जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेच्या दिवशी देवळाच्या पायरीशी एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ भेटले होते? हातात नारळ आणि तेलाची बाटली, चपला नीट बाजूला काढून ठेवलेल्या. वेर्ण्याहून दरवर्षी येतो, आजोबा यायचे म्हणून, एवढेच त्यांनी सांगितले. तेल देऊन ते गाभाऱ्याकडे न जाता सभामंडपाच्या खांबाशी हात जोडून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग चर्चमध्ये लदीनीला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, पोचायचे आहे म्हणून निघाले. तुझ्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना नाही.

आणि निवड एकट्याने पुरी होत नाही, हेही आपल्याकडे दिसले आहे. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी करून गोव्यातल्या गावडा जमातीच्या हजारो ख्रिस्ती लोकांना हिंदू करून घेतले. त्यांनी पाऊल उचलले. पण नवहिंदू गावडे ही ओळख त्यांना चिकटून राहिली, आणि पिढ्यानुपिढ्यांच्या हिंदूंनी त्यांना आपल्या पंगतीत सहज बसवले नाही. या बाबतीत आपल्या समाजाची वागणूक अन्यायाची होती. देवळाच्या महाजनकीबद्दल, म्हणजे कारभारातल्या वंशपरंपरागत हक्काबद्दल, तू जे लिहिलेस, की ती ठरावीक घराण्यांतच राहते आणि लेकींना मिळत नाही, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुझा आक्षेप योग्य आहे, आणि तो मी पुढच्या बैठकीत माझ्या नावाने मांडणार आहे. महाजनांच्या यादीत तुझे नाव घालावे की नाही हे मी ठरवणार नाही. अर्ज कोरा ठेवला आहे.

तू देवाला नाही म्हणालास याचे मला दुःख झालेले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. संध्याकाळी दिवा लावताना तुझी आठवण आता वेगळ्या रीतीने येते. पण भीतीपोटी हो म्हणणारा मुलगा मला नको होता. माझी मागणी एवढीच आहे की काळाच्या ओघाने असे व्हायचेच होते असे म्हणू नकोस. हे मी ठरवले, असे म्हण. आणि आजीला ते फोनवर सांगू नकोस. तिच्यापाशी बसून, कोंकणीत, तिला उलट प्रश्न विचारायला पुरेसा वेळ देऊन सांग. ती रागावेल, रडेल, आणि मग बहुधा जेवायला काय करू असे विचारेल.

पहिल्या सहीसाठी तुम्हा दोघांचे जन्मदाखले आणि रहिवासाचे दाखले लागतील. तिचा जन्म गोव्याबाहेरचा असल्याने तिच्या कागदपत्रांना वेळ लागेल, म्हणून त्यांच्या प्रती आधी पाठव. दोन सह्यांच्या मध्ये काही दिवस जातात. त्या दिवसांत एक सकाळ मोकळी ठेव, आपण वेर्ण्याला जाऊन जुनी जागा पाहून येऊ. तिलाही यायचे असेल तर तिला घेऊन ये.

तुझा,
बाबा