स्टेंट बसल्यावर एलडीएल कोण बघणार?

स. न.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी, येणाऱ्यांत अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले पुष्कळ असतात. रिपोर्ट हातात पडला की ते एकच पाहतात, आकडा ठळक छापलाय का आणि शेजारी बाण आहे का. एलडीएल (धमन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ११२ आणि बाजूला ‘१३० पेक्षा कमी’ असे दिसले, की कागदाची घडी खिशात जाते. ‘नॉर्मल आहे ना ताई? मग आता डॉक्टरांकडे कशाला जायचे?’

तो १३० सर्वसाधारण माणसांसाठी आहे. ज्यांच्या हृदयाच्या धमन्यांत अडथळा निघाला आहे त्यांच्यासाठी युरोपीय हृदयरोग संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे की एलडीएल ५५ च्या खाली आणा, शिवाय मूळ पातळीच्या निम्म्याहून कमी करा. म्हणजे हे ११२ दुपटीने जास्त झाले. पण रिपोर्टचा अर्थ सांगणे माझ्या अधिकारात नाही. ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ एवढेच मी म्हणू शकते.

डॉक्टरांना दाखवले तरी काय होते? गर्दीच्या ओपीडीत छातीत दुखते का, ईसीजी, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी एवढे होईपर्यंत पुढचा रुग्ण दारात उभा असतो. कोलेस्टेरॉलच्या वाट्याला ‘तीच गोळी चालू ठेवा’ एवढेच येते. फॅमिली डॉक्टरांना वाटते, मोठ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी आपण कशी बदलायची? मोठ्या डॉक्टरांना वाटते, ते फॅमिली डॉक्टर बघतील. घोंगडे भिजत राहते.

म्हणून हृदयरुग्णांसाठी वेगळे लिपिड क्लिनिक हवे, आणि त्यात डॉक्टरांबरोबर परिचारिका, औषधनिर्माता आणि आहारतज्ज्ञ हवेत. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा तपासणी व्हायला हवी. रुग्ण आला नाही तर त्याला फोन करायचा, हे काम कुणाच्या तरी नावावर पाहिजे. पुढच्या पायऱ्या तर लिहून ठेवता येण्याइतक्या सरळ आहेत. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरते. त्यापेक्षा जोडीला इझेटिमाइब ही दुसरी गोळी दिली तर साधारण २० टक्के उतरते. तेवढ्याने भागले नाही तर पीसीएसके९ हे एलडीएल वाढवणारे प्रथिन रोखणारी इंजेक्शने आहेत, त्यांनी एलडीएल सुमारे ६० टक्क्यांपर्यंत खाली येते. डॉक्टरांनी पद्धत ठरवून दिली, की प्रत्येक वेळी त्यांच्या दाराशी थांबायला नको.

खरा वेळ लागतो तो बोलायला. ‘पाय दुखतात म्हणून गोळी बंद केली’ हे रुग्ण डॉक्टरांना सांगत नाहीत. रक्त काढताना मला सांगतात. २०२० च्या सॅमसन अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषधविरहित गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला, त्यातला ९० टक्के नुसत्या गोळीवरही झाला! दुखणे खोटे नव्हते, पण ते बहुतांशी औषधामुळे नव्हते. काहींना औषधानेच त्रास होतो. त्यांच्यासाठी डोस कमी करणे, दुसरे स्टॅटिन किंवा बेम्पेडोइक अ‍ॅसिड ही स्टॅटिन नसलेली गोळी असे पर्याय आहेत. हे सगळे रुग्णासमोर नीट बसून समजावायला शांतपणे बोलणारा औषधनिर्माता किंवा परिचारिका लागते.

यासाठी नवी इमारत नको. आहे त्याच ओपीडीत, आहे त्याच माणसांना घेऊन आठवड्यातली एक दुपार राखून ठेवली तरी सुरुवात होईल.

आमच्या लॅबवाल्यांकडेही एक काम लागते. तपासणीच्या फॉर्मवर ‘हृदयविकार आहे/नाही’ अशी चौकट ठेवावी आणि ‘आहे’वर खूण असेल तर रिपोर्टवर हृदयरुग्णांचे लक्ष्य छापावे. मी आमच्याकडे हे सुचवून पाहिले. ‘तसे कुणी मागत नाही’ असे उत्तर मिळाले. वाचकांनी ते मागावे, म्हणून हे पत्र.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ